पान एक्केचाळीस

इग्नेशियसच्या नातीनं, जीनानं, आजोबांचं चरित्र चित्रांत काढलं. शंभर पानं, संवाद सगळे फुग्यांत. प्रस्तावना माझ्याकडे आली, कारण इग्नेशियस आणि मी एकाच पलटणीत होतो आणि पुढे तीस वर्षं वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहून मी अनेक सज्जनांची झोप उडवली होती. पुस्तक सोमवारी छपाईला जायचं होतं.

वाचत वाचत पान एक्केचाळीसवर आलो आणि थांबलो. जवान इग्नेशियस डोक्यावर वायरलेस सेट घेऊन फुगलेली नदी ओलांडतोय. खाली ओळ : 'सेट वाचला, पलटण वाचली.'

त्याच्या डोक्यावर वायरलेस नव्हताच. कॉमिक्स होती. अकरा, रेनकोटात गुंडाळलेली. आमचं वाचनालय तेवढंच. हाताळून हाताळून एकाचंही शेवटचं पान उरलं नव्हतं, म्हणून शेवट मी बनवून सांगायचो. माझं लेखन तिथंच सुरू झालं. एका खलनायकाचं तोंड आमच्या सुभेदारसाहेबांसारखं होतं. त्याला मी सात वेळा मारला.

प्रस्तावनेत खरं तेच लिहायचं, असं ठरवलं. आपण कुणाला सोडलेलं नाही. तरी शिष्टाचार म्हणून स्कूटर काढून पाचूबंदरला त्याच्या घरी गेलो. इग्नेशियस ओट्यावर जाळं शिवत बसला होता. त्याला सांगितलं.

"लिव की," तो म्हणाला. "सगळ्यांचं लिवलंस, माझंच कशाला ठेवतोस?"

"राग आला?"

"नाय. पन वायरलेस कुठं गेला, तेपन लिव."

मी जरा खोकलो.

"तुझ्या डोक्यावर होता ना, शांताराम?"

"पाय घसरला माझा."

"घसरला. निर्मळच्या तळ्यात पोहायचो म्हनून सांगायचास. पानी छातीला, आनि तू गुडुप. माझ्या एका हातात कॉमिक्स, दुसऱ्या हातात तुझी कॉलर."

हा भाग मी पन्नास वर्षं कुणाला सांगितला नव्हता. विनोदाला तो मारक होता.

"मग पोरीला वायरलेसचं का सांगितलंस?"

"तिनं इचारलं, आजा, तू नदीतून काय वाचवलंस?" त्यानं दातानं दोरा तोडला. "तुझं नाव घेतलं असतं, तर पुस्तक कोन घेनार?"

घरी येऊन प्रस्तावना एका बैठकीत संपवली. सगळं लिहिलं, कॉलरसकट. मग जीनाला फोन लावला.

"पान एक्केचाळीस बदल. डोक्यावर कॉमिक्स दे. आणि दुसऱ्या हातात एक माणूस, कॉलरला धरलेला."

तिनं विचारलं, "तो कोण, आजोबा?"

"मी."

"चेहरा कसा काढू? घाबरलेला?"

"घाबरलेलाच काढ," मी म्हणालो. "पण केस भरपूर दे. तेव्हा होते."