मी प्रवरेतला नव्हे, प्रावरणातला

मी झिरकॉन बोलतोय. नाव ऐकून नाक मुरडू नका. कारखान्यात बनलेल्या नकली हिऱ्यालाही बाजारात लोक झिरकॉनच म्हणतात. त्याचं पाप माझ्या माथी!

माझा जन्म दूरदेशी, जमिनीच्या पार खाली, प्रावरणात झाला. तिथल्या वितळलेल्या खडकात मी ऐसपैस वाढलो, चांगला सुपारीएवढा झालो. मग ज्वालामुखी खवळला आणि मला वर घेऊन आला. एवढे मोठे स्फटिक खरंच तिथलेच का, यावर पंडित अजून वाद घालतात. घालोत बापडे. मी तिथं होतो, ते नव्हते.

पुढे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक झिजला, मी सुटलो, माणसाच्या हाती लागलो. जयपुरात मला पैलू पडले आणि मी मधाच्या रंगाचा खडा झालो. तिथून मला देवळाली प्रवरा गावच्या शमुवेलनं आणलं. तो ट्रक चालवतो. बोलायला कमी, पण शब्दाचा पक्का. "अंगठीत खरा खडा घालीन," असं त्यानं हन्नाला सांगितलं होतं. हन्ना शाळेत विज्ञान शिकवते.

साखरपुड्याला चर्चचे पाळकसाहेब यायचे होते. तेवढ्यात हन्नाच्या मार्थाआत्यानं अंगठीच्या डबीतली चिठ्ठी वाचली. "झिरकॉन? आगं, ह्यो तर खोटा हिरा!"

शमुवेल लगबगीनं पुढे झाला. "खरा हाय वो आत्या. प्रावरणातला हाय, दुकानदार म्हनला."

"प्रवरेतला? म्हंजी नदीतला गोटा! आन् त्यो आमच्या पोरीच्या बोटात घालनार व्हय? न्हाई जमायचं!"

मांडवात हशा पिकला. शमुवेलनं मान खाली घातली. "मी लबाड न्हाई," एवढंच पुटपुटून तो डबी मिटायला लागला. ज्वालामुखी सोसलेला मी, पण ते हसू मला सोसवेना.

हन्ना उठली. आता ही भिंग मागणार, याची मला खात्री होती. माझ्यात शिरलेला प्रकाश दुभंगतो, त्यामुळे भिंगातून माझ्या मागच्या कडा दोन-दोन दिसतात. त्या नकली हिऱ्याला हे सात जन्मांत जमायचं नाही. मी अगदी ऐटीत बसलो होतो.

"आत्या, खडा खोटा निघाला तरी चालंल," हन्ना म्हणाली. "मानूस खरा हाय." आणि तिनं शमुवेलपुढे बोट धरलं. "घाल."

भिंग तिनं लावलं ते दुसऱ्या दिवशी, शाळेत. दोन-दोन कडा पाहून गालात हसली. आत्याला सांगायची काही तिला गरज वाटली नाही. मला मात्र फार वाटते, म्हणून तुम्हाला सांगतोय.