बोरखिंडीतला धोंडा

बापूजींना जाऊन दोन महिने झाले. भेटायला येणारे म्हणतात, शांत माणूस होता. मी मान डोलावते. बोरखिंडीचा विषय निघाल्यावर त्यांना ज्यांनी ऐकलं नाही, त्यांचा असा समज होणं साहजिक आहे.

आम्ही जैन, घोडेगावात आमचं किराणा दुकान. तिथून जुन्नरला जाताना बोरखिंड लागते आणि खिंडीच्या पलीकडे उतार. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला ओढा, आणि ऐन वळणावर रस्त्यात पोट काढून बसलेला एक धोंडा. आमच्या भागातल्या गाडीवानाला ऊन, पाऊस, उपास सगळं सोसतं. दुसऱ्याची गाडी पुढे गेलेली सोसत नाही. जत्रेतल्या शर्यतीचा गाडा वेगळा आणि मिठाची पोती भरलेली गाडी वेगळी, हे त्याला कितीही समजावलं तरी पटत नाही.

माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी आई गेणभाऊच्या गाडीतून जुन्नरला माहेरी निघाली होती. खिंडीत मागून येणाऱ्या हौशीराम गाडीवानाने आपली गाडी पुढे काढली. त्यानंतरचं गेणभाऊ एवढंच सांगायचा, की बैल बुजला. गाडी धोंड्यावर चढून उलटली. गेणभाऊचा पाय मोडला. आई जागच्या जागी गेली.

बापूजींनी तेव्हापासून त्या उताराचा ध्यास घेतला. धोंडा काढावा म्हणून कचेरीत तीन अर्ज केले. तिन्ही वेळा ‘स्थळपाहणी होईल’ असं उत्तर आलं. मग त्यांनी स्वखर्चाने खिंडीच्या तोंडाशी फळी लावली: ‘उतार आहे. बैल आवरा.’ वाचता येणारे गाडीवान नव्हतेच. ते फळीपाशी गाडी उभी करत आणि कुणी शिकलेला येईपर्यंत काय लिहिलं असेल यावर वाद घालत. पहिल्याच आठवड्यात तिथे उभ्या असलेल्या गाडीवर मागची गाडी आदळली. फळी काढावी लागली.

मग एकोणीसशे सातच्या वैशाखात माझं लग्न ठरलं. घरात आई नव्हती, म्हणून लग्न जुन्नरला, मुलाकडे करायचं ठरलं. मुहूर्त गोरज. बापूजींनी सहा गाड्या सांगितल्या. पहिली गेणभाऊची, दुसरी हौशीरामाची.

मंगलाबाई म्हणजे बापूजींची थोरली बहीण, माझी आत्या. ती म्हणाली, “सुगन, तुला अख्ख्या तालुक्यात या हौशीरामाशिवाय दुसरा गाडीवान मिळाला नाही?”

“बैल चांगले आहेत त्याचे,” बापूजी म्हणाले.

“आणि अक्कल? ती कोण जुंपणार?”

त्यावर बापूजींनी तोडगा काढून ठेवला होता. निघायच्या सकाळी सहाही गाडीवानांना ओट्यावर बोलावून त्यांनी जाहीर केलं, की जो सगळ्यात शेवटी जुन्नरला पोचेल, त्याला जरीकाठी फेटा.

“श्येवटी?” हौशीरामाने दोनदा विचारलं.

“शेवटी.”

मी हळूच म्हटलं, “बापूजी, मग आधी पोचणार कोण?” त्यांना वाटलं, लग्नाच्या दिवशी मुली जरा बावरतातच.

खिंडीपर्यंत आम्ही बरे आलो. खिंडीच्या माथ्यावर गेणभाऊने बैलांना पाणी पाजायला म्हणून गाडी थांबवली. हौशीराम त्याच्या मागे थांबला. त्याच्यामागे बाकीचे चौघे.

“व्हा की म्होरं, हौशीराम,” गेणभाऊ म्हणाला. “वाट देतो.”

“छ्या, छ्या! तुमची गाडी पैली. तुमचा मान.”

“मान कसला राव, मी लंगडा माणूस.”

“बैल कुटं लंगडं हायेत?”

दोन वर्षांपूर्वी याच जागी या दोघांनी एकमेकांना तसूभर वाट दिली नव्हती. आता दोघंही हात जोडून ‘तुमी चला’ म्हणत होते. हौशीरामाने बैल सोडले आणि त्यांच्यापुढे कडबा टाकला. शेवटच्या गाडीवाल्याने तर गाडीखाली पटकूर पसरून झोप काढली. बापूजी या गाडीकडून त्या गाडीकडे विनवण्या करत फिरले. गाडीवान मान देऊन ऐकत आणि जागचे हलत नसत. ऊन कलायला लागलं.

आमच्याकडच्या लग्नात म्हाताऱ्यांची कधी वाण नसते. प्रत्येक गाडीत एकतरी होतीच. आत्या आमच्या गाडीतून खाली उतरली, कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

“ऐका रे! सुगनचा फेटा रद्द. आता माझा फेटा. तुमच्या गाडीत जी म्हातारी बसली आहे, तिच्या तोंडून खिंड उतरेपर्यंत एकदाही ‘अगं आई’ निघालं नाही पाहिजे. जिचं अंग सगळ्यात कमी दुखेल, तिच्या गाडीवाल्याला फेटा.”

“आणि म्हातारी उगाच वरडली तर?” हौशीरामाने विचारलं.

“तर तू तिला आधी चांगलं वागवायला हवं होतंस.”

त्यानंतर जे झालं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. ज्यांच्या तोंडून बैलांच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो, ते गाडीवान खाली उतरून, वेसण हातात धरून बैलांना “हळू बाबा, हळू राजा” करत होते. मागून आवाज येत होते. “आजी, बरं हाय न्हवं?” “आजी, उशी देऊ का कडब्याची?” म्हाताऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदा इतकी सत्ता मिळाली होती आणि त्यांनी ती वापरली. प्यारीबाई काकी दर पाच पावलांनी गाडी थांबवून समोरचा दगड दाखवायची, आणि हौशीराम मुकाट तो उचलून कडेला टाकायचा. असं करत सहा गाडीवानांनी अर्धा उतार हातांनी साफ केला.

वळण आलं. आत्याने धोंड्याकडे पाहिलं. ती गाडीतून खाली उतरली, मागोमाग मीही.

“हा असेपर्यंत मी पुढे येत नाही,” ती म्हणाली.

“आत्याबाई, दिस चाललाय,” गेणभाऊ म्हणाला.

“मग लवकर काढा.”

सगळे भिडले. हौशीरामाने भोवतीची माती उकरली. दोघांनी धोंड्याच्या वरच्या टोकाला सोल, म्हणजे जाड दोर, बांधून ओढ दिली, बाकीच्यांनी खालून दांडे घातले, आणि धोंडा हातभर उचलला गेला. तेवढ्यात बापूजी ओरडले, “थांबा!”

धोंड्याखाली मुंग्यांचं वारूळ होतं. हजारो मुंग्या, तोंडात पांढरी अंडी धरून सैरावैरा धावत होत्या.

“शेटजी, मुंग्या हायेत त्या,” हौशीराम कळवळून म्हणाला.

“दिसतंय मला.”

बापूजी बाजूला उकिडवे बसले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्याच्या मऊ टोकाने मुंग्यांना एकेक करून बाहेर लोटायला लागले. सहा धट्टेकट्टे पुरुष घामाने निथळत धोंडा तोलून उभे होते. गाड्यांमधून म्हाताऱ्या सूचना करत होत्या. सूर्य डोंगराला टेकला. लग्नाचा मुहूर्त टळत होता, आणि नवरी, म्हणजे मी, सर्वांत जवळ उभी होते, म्हणून पुढचं ऐकलं.

मोठा दांडा गेणभाऊच्या हातात होता. त्याच्या दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या. त्याला कुठे जाता येत नव्हतं, तोंड फिरवता येत नव्हतं, आणि त्याच्या पायाशी बापूजी मान खाली घालून बसले होते.

“शेटजी,” तो म्हणाला. “बैल न्हवता बुजला.”

बापूजींचं उपरणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

“हौशीराम म्होरं गेला. मला ऱ्हावलं न्हाई. मीच चाबूक वढला. बाई म्हनत व्हत्या, गेणभाऊ, जाऊ दे त्याला. दोनदा म्हनल्या.”

सोल धरलेल्या हौशीरामाने मान खाली घातली.

“ठाऊक आहे,” बापूजी म्हणाले. “तिने आयुष्यभर मला तेच सांगितलं. जाऊ दे त्याला.” मग थोड्या वेळाने, “धर नीट. अजून थोड्या राहिल्यात.”

गेणभाऊने धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दांडा तसूभर हलला नाही.

शेवटची मुंगी गेल्यावर बापूजी उठले, ओढ्यात कुणी नाही ना हे वाकून पाहिलं आणि मान हलवली. धोंडा गडगडत खाली गेला. त्याच्या जागी रस्ता एकदम इतका रुंद दिसायला लागला, की दोन गाड्या शेजारून गेल्या असत्या.

“मुहूर्त गेला,” आत्या म्हणाली.

“दुसरा काढू,” बापूजी म्हणाले. त्यांनी उपरणं झटकलं, गेणभाऊच्या एका बैलाची वेसण हातात घेतली आणि दुसरी त्याच्याकडे दिली. दोघं गाडीपुढे पायी चालू लागले, एक लंगडत आणि एक त्याच्या पावलाशी पाऊल जुळवत. मागे पाच गाड्या होत्या. उतार संपून रस्ता सपाट झाला, तरी त्यांच्यातली एकही पुढे आली नाही.