यादीत नसलेली गोळी

विधानसभेतल्या लघुलेखिकेला स्वतःचं मत नसतं. सभागृहात कुणी काहीही बोलो, तिने मान खाली घालून जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. सव्वीस वर्षं तिने हेच केलं होतं. सहकारी गमतीने म्हणत, "हिच्यासमोर कुणी शिंकलं तरी कागदावर येतं!"

त्या दिवशी मात्र विषय तिच्या घरातलाच निघाला. औषधांच्या किमती सरकारने कंपन्यांशी बोलणी करून ठरवाव्यात की नाही, यावर विधेयक आलं होतं.

तिच्या नवऱ्याला फुप्फुसाचा आजार. रोज एक गोळी, जन्मभर. इकडे ती घ्यायची म्हणजे नाकापेक्षा मोती जड. सीमेपलीकडच्या देशात सरकार कंपनीशी घासाघीस करतं, म्हणून तीच गोळी तिथे राहणाऱ्यांना परवडते. नवरा जन्माने तिकडचा, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी तो थोरल्या बहिणीकडे राहायला गेला. "चार-सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे, मग इकडेही भाव उतरेल," म्हणाला होता. हिवाळी कोट त्याने मुद्दामच नेला नाही. ती कधीमधी कपाट उघडायची आणि त्या कोटाच्या बाहीत हात घालून नुसती उभी राहायची.

आरोग्यमंत्रीबाई तावातावाने म्हणाल्या, "एवढं मोठं गिऱ्हाईक आपण, आणि दुकानदार सांगेल तो भाव मुकाट्याने देतो!" बाकं वाजली. मग विरोधी बाजूचे डॉक्टरसाहेब उठले. वयस्कर आमदार, पेशाने खरेच डॉक्टर.

"भाव पाडलात, तर नवी औषधं शोधायला पैसा कोण घालेल? माझी मुलगी आज चालते-बोलते आहे, ती दहा वर्षांपूर्वी नसलेल्या औषधामुळे."

माणूस खोटं बोलत नव्हता. तिला त्या मुलीसाठी बरं वाटलं आणि त्याच क्षणी दुसऱ्याच्या घराचा जिना धापा टाकत चढणारा नवरा डोळ्यांपुढे आला. पेन्सिल थांबली. एक वाक्य सुटलं.

मधल्या सुट्टीत ती त्यांच्या खोलीत गेली. "डॉक्टरसाहेब, तुमचं एक वाक्य माझ्याकडून राहिलं."

"तुमच्याकडून? नवलच! मी म्हणालो, ज्यांना आजचं औषध परवडत नाही, त्यांनी थोडी कळ सोसावी."

तिने लिहून घेतलं. पण राहवलं नाही. "किती, साहेब?"

"काय किती?"

"कळ. आमचे हे दोन वर्षं पलीकडे आहेत, गोळीपायी. जेवताना समोर कुणी नसतं."

डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला. "ते वाक्य खोडता येईल का हो?"

"बोललेलं खोडता येत नाही, साहेब. सभागृहात उठून मागे घेता येतं."

सुट्टीनंतर ते खरंच उठले. "कळ सोसा, हे मी मागे घेतो. मत बदललेलं नाही, पण ते वाक्य माझं नव्हे." तिने तेही उतरवलं.

चार मतांनी विधेयक पास झालं. मग ज्यांच्या किमतींवर आधी बोलणी होणार, त्या औषधांची पहिली यादी मंत्रीबाईंनी वाचली. दहा औषधं. तिने दहाही नावं लिहिली. नवऱ्याची गोळी त्यांत नव्हती. पुढची यादी दोन वर्षांनी.

संध्याकाळी तिने फोन लावला. "अहो, ऐकलंत?"

"ऐकलं. आपला नंबर अकरावा असणार. शाळेतसुद्धा मी यादीच्या तळालाच असायचो."

ती हसली.

"अगं," तो हळूच म्हणाला, "तू भांडी लावताना काहीतरी गुणगुणायचीस ना? आज चाल आठवली, पण तुझा आवाज काही केल्या आठवेना."

फोन कानाशी धरून तिने ती चाल गुणगुणली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पलीकडून फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मी उद्या निवृत्तीचा अर्ज देते," ती म्हणाली.

"वेडी की काय? चार वर्षं राहिलीत तुझी."

"राहू देत. वन्संकडे जागा होईल का, तेवढं सांगा."

"मी भिंतीकडे सरकतो," तो म्हणाला.

अर्ज मंजूर व्हायला तीन महिने गेले. ती पोचली त्या दिवशी, बस यायच्या तासभर आधीपासून, तो थांब्यावर उभा होता.