कडेची माणसं कुठे गेली?

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. रोल भरायचा, छत्तीस फोटो झाले की तो धुवायला टाकायचा आणि चार दिवस वाट पाहायची, त्या काळातला. सध्या मी नाशिकला पंचवटीतल्या एका घरात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतो. माझी पाठ तडकलेली आहे आणि तिच्यावर चिकटपट्टी लावली आहे. ती कशी तडकली आणि त्यानंतर काय झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. काच बसली, स्प्रिंग बसली, खोक्यात बंद होऊन मी नाशिकला आलो. १९९१ च्या दिवाळीआधी निवृत्ती बोरस्ते मला मेन रोडवरच्या दुकानातून घरी घेऊन आले. ते ओझरला विमानाच्या कारखान्यात कामाला होते. तयार झालेले सुटे भाग तपासायचं त्यांचं काम. त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाईंनी मला आधी हळदकुंकू लावलं आणि मगच फोटो काढू दिला. पहिल्या फोटोत त्यांची मुलगी योगिनी आहे. ती तेव्हा तिसरीत होती आणि तिचे पुढचे दोन दात पडलेले होते.

माझ्या पाठीवर नखाएवढी एक काच आहे. फोटो काढताना तिला डोळा लावून समोरचं बघायचं. निवृत्तीराव नेहमी उजवा डोळा लावत आणि डावा मिटून घेत. त्यामुळे त्यांचा उजवा डोळा मला जितका ठाऊक होता, तितका घरात कुणालाच नव्हता. तो डोळा आधी चारही कोपऱ्यांत फिरून यायचा. "योगिनी, आत सरक. चंद्रभागा, पदर सारखा कर." मगच बटण दाबलं जायचं. वाढदिवस, गणपती, रामकुंडावरची अंघोळ, सगळ्यांचे फोटो मी काढले. शेजारी म्हणायचे, "फोटो काढावा तर निवृत्तीभाऊंनीच." मला फार अभिमान वाटायचा.

मग १९९६ साल आलं. निवृत्तीरावांचे थोरले भाऊ सहादू यांची पिंपळगावजवळ द्राक्षबाग होती. बागेत सगळे ओळीनं उभे राहिले आणि फोटो निघाला. रोल धुऊन आला, तर सहादूभाऊंचा अर्धाच चेहरा आलेला.

"आरं निवृत्ती, मी काय तुझा अर्धाच भाऊ हाय का?" सहादूभाऊ म्हणाले. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो असतो, पण माझ्या पाठीला टेकलेला तो डोळा मला आठवत होता. आता तो कोपऱ्यांत फिरत नव्हता, मधेच खिळून राहायचा.

गणपतीच्या फोटोत चंद्रभागाबाई आल्याच नाहीत. आरतीचं ताट धरलेला त्यांचा हात तेवढा आला. निवृत्तीराव चिडले. "कॅमेरा बिघडलाय. ह्याच्यात कडेची माणसंच मावत नाय." गल्लीच्या तोंडाशी वाल्मीकभाऊंचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी मला उघडून, पुसून, उजेडात धरून पाहिलं. "काही दोष दिसत नाही, निवृत्तीभाऊ. दुसऱ्या कंपनीचा रोल घालून बघा," ते म्हणाले. दुसरा रोल आला, तिसरा आला, माणसं कापली जातच राहिली. एकदा योगिनीनं मला हातात घेऊन घरातल्यांचा फोटो काढला. त्यात सगळे नीट आले. "नशिबानं आला," निवृत्तीराव म्हणाले आणि त्यांनी तो फोटो बाजूला सारला.

मित्रांनो, मला कळलं होतं. तो डोळा विझत चालला होता. पण माणसाला दोन डोळे असतात. एकाला कमी दिसलं तर दुसरा सांभाळून घेतो, म्हणून त्यांना स्वतःलाही पत्ता लागला नाही. उजवीकडून दिलेला चहाचा कप त्यांच्या हातून निसटायचा, उजवा खांदा दाराला आपटायचा. "लक्ष कुठे असतं हो तुमचं?" असं म्हणून चंद्रभागाबाई फरशी पुसायच्या. आणि हा माणूस रोज सकाळी स्कूटर काढून हायवेनं ओझरला जायचा! तो संध्याकाळी परत येईपर्यंत मी खुंटीवर लटकून दाराकडे बघत असे. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. पण कॅमेऱ्याला फक्त बघता येतं.

१९९८ च्या उन्हाळ्यात पिंपळगावला सहादूभाऊंच्या मुलीचं लग्न होतं. चंद्रभागाबाई आदल्या दिवशीच गेल्या होत्या. निवृत्तीराव आणि योगिनी स्कूटरवरून निघाले. मी योगिनीच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो. आडगाव मागे पडलं. उजवीकडच्या कच्च्या रस्त्यावरून कांद्याचा एक टेम्पो हायवेवर चढत होता.

"पप्पा, टेम्पो!" योगिनी ओरडली.

"कुठंय?"

मित्रांनो, टेम्पो समोर येऊन ठेपला होता आणि ते विचारत होते, कुठंय. टेम्पोवाल्यानं सगळी ताकद लावून गाडी वळवली. स्कूटर घसरली. योगिनी रस्त्याच्या कडेला फेकली गेली आणि पिशवीसकट मी दगडावर आपटलो. माझी पाठ तेव्हा तडकली. योगिनीचं उजवं मनगट मोडलं.

"काका, दिवसाढवळ्या दिसत नाय का?" टेम्पोवाला विचारत होता.

"तूच अंगावर आला! जमिनीतून निघाल्यासारखा आला!" निवृत्तीराव ओरडले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच दिसलं होतं.

पाठ तडकल्यामुळे माझ्यात उजेड शिरू लागला आणि रोल खराब होऊ लागले. मग निवृत्तीरावांनी ठरवलं, "आता चांगलाच कॅमेरा घेऊ. सगळं घर मावेल असा." तिघं मेन रोडवरच्या दुकानात गेले. जुना देऊन नवा घ्यायचा होता, म्हणून मलाही नेलं. योगिनीचा हात अजून प्लास्टरमध्ये होता.

दुकानदारानं तीन कॅमेरे काढून काउंटरवर ठेवले. निवृत्तीरावांनी पहिला उजव्या डोळ्याला लावून दाराकडे पाहिलं. "ह्यात पण तसंच. कडेला धूर दिसतोय." दुसरा पाहिला, तोही नको.

"साहेब, हा तिसरा बघा. याच्यात सगळ्यात रुंद दिसतं," दुकानदार म्हणाला.

निवृत्तीरावांनी पाहिलं आणि कॅमेरा आदळला. "सगळा डुप्लिकेट माल भरून ठेवलाय!" गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"अहो, हळू," चंद्रभागाबाई पुटपुटल्या.

योगिनीनं डाव्या हातानं तो कॅमेरा उचलला. "पप्पा, मला दाराच्या दोन्ही बाजू दिसतात. बाहेर बसलेला गजरेवालासुद्धा दिसतो."

"गजरेवाला? कुठंय?"

हाच शब्द योगिनीनं हायवेवर ऐकला होता. तिनं कॅमेरा वडिलांच्या हातात दिला. "पप्पा, आता डावा डोळा लावा."

निवृत्तीरावांनी डावा डोळा लावला. "दिसतोय," ते म्हणाले. मग पुन्हा उजवा लावला, पुन्हा डावा. शेवटी त्यांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि स्टुलावर खाली बसले. दुकानदारानं पाण्याचा ग्लास पुढे केला.

दुकानातून ते थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावलं, डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली होती आणि ती परत येणार नव्हती. डाव्यातही सुरुवात झाली होती. रोज थेंब घालायचे, जन्मभर. निघताना डॉक्टर म्हणाले, "हा आजार घराण्यात असू शकतो. भावाला आणि मुलीला तपासून घ्या."

त्यानंतरचे दिवस मला आठवले तरी जीव घाबरा होतो. निवृत्तीराव कामावर जाईनात. भिंतीकडे तोंड करून बसून राहत. थेंबांची बाटली सील न फोडता फळीवर माझ्याशेजारी पडून होती. "गेलेलं येणार नाय, मग औषध कशाला?" म्हणत. योगिनीला तपासायचा विषय काढला की अंगावर धावून येत. "तिला काही झालेलं नाय! नाव काढू नका!"

चंद्रभागाबाई तशा कधी आवाज चढवत नसत. पण एके दिवशी त्या ताटावरून उठून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "तुम्ही भ्यायलात. मी पण भ्यायले. पण आपल्या भीतीपायी माझ्या पोरीचे डोळे जाऊ द्यायचे का? तुम्ही नाही आलात तर मी एकटी नेईन तिला."

निवृत्तीरावांनी तोंड झाकून घेतलं. "ती चाकाखाली गेली असती गं. पोर मागे बसलेली, आणि मला टेम्पो दिसलाच नाही." असा रडणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. चंद्रभागाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी फळीवरची बाटली काढली आणि सील तोडलं. निवृत्तीरावांनी मान मागे टाकली. "घाल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी योगिनीची तपासणी झाली. तिचे डोळे स्वच्छ होते. पण सहादूभाऊंच्या डोळ्यांत दाब वाढलेला निघाला. नस अजून शाबूत होती. थेंब वेळेवर सुरू झाले आणि त्यांची नजर वाचली.

निवृत्तीरावांनी स्कूटर विकली. कारखान्यानं त्यांना दुसऱ्या कामावर घेतलं आणि ते बसनं जाऊ-येऊ लागले. त्या वर्षी घरात नवा कॅमेरा आला नाही. पुढे योगिनी नोकरीला लागली, तेव्हा तिनं पाठीवर लगेच फोटो दिसणारा डिजिटल कॅमेरा आणला. मी कपाटात गेलो. माझ्या काचेला बुरशी धरली आहे, महिनोन्‌महिने कुणी पुसत नाही. थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? निवृत्तीरावांचा उजवा डोळा आता पूर्ण अंधारात आहे. डाव्यानं ते रोज पेपर वाचतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी चांगला कॅमेरा घ्यायचं ठरेल. जरूर घ्या आणि जपून वापरा. पण आधी एक करा. आज संध्याकाळी आई-बाबांना, काका-मावशीला समोर बसवा. एक डोळा तळहातानं झाकायला सांगा, मग दुसरा. नजर समोर ठेवायला सांगा आणि तुम्ही कडेला उभे राहून विचारा, "मी दिसतो का?" नीट दिसलात, तरी चाळिशी उलटलेल्यांना वर्षातून एकदा डॉक्टरांकडे जायला लावा. आणि उत्तर यायला उशीर झाला, तर हसू नका. शाळा बुडाली तरी चालेल, दुसऱ्याच दिवशी त्यांचा हात धरून दवाखान्यात जा. ते नको म्हणतील, रागावतील. हात सोडू नका.