बोचक्याची पाचवी पायरी

कटिंगच्या मास्तरीणबाईंची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार आहे, हे शिवणखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कात्री निदान महिन्यातून एकदा धार लावायला जायची. जिभेला तीही गरज नव्हती.

दवाखान्यांचे आणि हॉटेलांचे गणवेश शिवायचा तो कारखाना. सहा मशिनी, एक ओव्हरलॉक, एक इस्त्रीचं टेबल आणि मधोमध बाईंचं कटिंगचं लांबलचक टेबल. कापडाचे आठ थर एकावर एक घालायचे, वर मापाचा कागदी फर्मा ठेवायचा, खडूची रेघ मारायची आणि कात्री चालवायची. तीस वर्षं बाई हेच करत होत्या, आणि कापता कापता पोरींची टिंगलही. कुणाचं नाक, कुणाची चाल, कुणाचा नवरा. काही म्हणून सुटायचं नाही.

सगळ्यात जास्त वाट्याला यायचं ते काजवालीच्या. सत्तरीची म्हातारी, कोपऱ्यात स्टुलावर बसून हातानं काजं करायची, बटणं लावायची. सोबत नेहमी एक गाठोडं. त्यात तिची औषधं, चष्मा, एक बरं लुगडं, कप, असला सगळा संसार. लेकीकडे राहायची, आणि वस्तू मागे ठेवली तर जावई फेकून देतो म्हणून सगळं रोज पाठीला मारून आणायची. हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत असूनही हसायचे. माणसाची जात, दुसरं काय!

बाईंचं स्वतःचं मात्र बरं चाललं होतं, असं त्या समजत होत्या. वय अठ्ठावन्न, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा परदेशात. तिथलीच मुलगी करून तो तिथलाच झाला होता. तीन वर्षांपूर्वी नात झाली तेव्हा बाई तीन महिने राहून आल्या. सुनेला यांची भाषा येईना, यांना सुनेची. मधे मुलगा दुभाष्या. सून काही बोलली की तो हसून सांगायचा, "आई, ती म्हणते तुमच्या हाताला काय चव आहे!" नाहीतर, "ती म्हणते, तुम्ही आहात म्हणून घर भरल्यासारखं वाटतं." परत आल्यावर ही वाक्यं बाईंनी शिवणखान्यात इतक्या वेळा ऐकवली, की पोरींना ती तोंडपाठ झाली होती.

मग गेल्या वर्षी मुलगा फोनवर म्हणाला, "आई, कायमची ये ना इकडे. फक्त भाषा आली पाहिजे बघ. नातीशी बोलणार कशी तू? तू भाषा शीक, मी लगेच कागदपत्रांच्या मागे लागतो."

सून तिथे नव्यानं आलेल्या परदेशी लोकांना भाषा शिकवायची. तिच्या शाळेची एक साइट होती, त्यावर छोट्या छोट्या गोष्टी. गोष्ट एकच, पण पाच पायऱ्यांवर सांगितलेली. पहिल्या पायरीवर दहा सोपी वाक्यं, दुसऱ्या पायरीवर तीच गोष्ट थोडी भरून, आणि असं करत करत पाचव्या पायरीवर पूर्ण, कंगोऱ्यांसकट. शाळेतले शिक्षकच लिहायचे, खाली नाव कुणाचं नसायचं. मुलानं लिंक पाठवली आणि वर सांगितलं, "पहिली पायरी जमली तरी गंगेत घोडं न्हालं म्हणायचं. पुढच्या वाचायला जाऊ नकोस. तुला नाही झेपायच्या."

झालं! बाईंना कुणी 'झेपायचं नाही' म्हटलं, की त्या ते करून दाखवणारच. त्यांनी मनाशी ठरवलं, पाचही पायऱ्या चढायच्या, मुलाला पत्ता लागू द्यायचा नाही, आणि एक दिवस थेट सुनेशी बोलायचं. साइटवर नाव द्यावं लागत नव्हतं, नुसता नंबर मिळायचा. दर रविवारी मुलगा विचारायचा, "कुठवर आलं?" आणि बाई साळसूदपणे म्हणायच्या, "चाललंय हळूहळू."

पहाटे चहा उकळताना, दुपारी डबा खाताना, फोन नाकाशी धरून बाई वाचायच्या. अडलेले शब्द फर्म्याच्या कागदांवर खडूनं लिहायच्या. आठ महिन्यांत त्यांनी ती भाषा अशी फाडून खाल्ली, की भल्याभल्या कॉलेजातल्या पोरांनी तोंडात बोट घालावं. हे मात्र कबूल केलंच पाहिजे.

आणि त्या गोष्टींत बाईंची लाडकी गोष्ट होती 'बोचकं'. पहिल्या पायरीवर ती एवढीशी होती: एक म्हातारी आहे. ती मुलाच्या घरी येते. तिच्याजवळ मोठं बोचकं आहे. घरात सगळे तिलाच बोचकं म्हणतात. ती तीन महिने राहते. मग ती जाते. सगळे खूश.

बाई ही वाचून इतक्या हसल्या की डब्यातला घास बाहेर आला. दुपारी कापता कापता त्यांनी पोरींना ती मीठमसाला लावून सांगितली, आणि शेवटी कात्रीचं टोक कोपऱ्याकडे करून म्हणाल्या, "आपलंही बोचकं बसलंय बघा तिथे!" पोरी खिदळल्या. त्या दिवसापासून काजवालीचं नाव बोचकं पडलं. मालकसुद्धा तसंच हाक मारू लागला.

 दोन-तीन दिवसांनी काजवाली हळूच म्हणाली, "बाई, त्या म्हातारीच्या बोचक्यात काय होतं, ते कुणी उघडून पाहिलं का?"

"काय असणार? ढेकूण!" बाई म्हणाल्या. पुन्हा खिदळणं.

दुसऱ्या पायरीवर म्हातारी सुनेच्या स्वयंपाकघरातले डबे हलवून आपल्या मनासारखे लावत होती. तिसऱ्या पायरीवर मोठ्यानं घोरत होती आणि शेजाऱ्यांना हात धरून आत ओढत होती. चौथ्या पायरीवर तिनं कुणाला न विचारता घरातला एक कपडा कापून टाकला. आता इथे तरी बाईंना काही खटकायला हवं होतं की नाही? पण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात ते खोटं नाही. उलट बाई ठसक्यात म्हणाल्या, "असल्या बायकांच्या हाती कात्री द्यावीच कशाला!"

पाचवी पायरी त्यांनी एका शुक्रवारी वाचली. पोरी जेवायला गच्चीवर गेल्या होत्या. खाली काजवाली आणि बाई, दोघीच.

पाचव्या पायरीवर तो कपडा नुसता कपडा नव्हता. तो निळा झगा होता, कॉलरचं एक बटण तुटलेला, कपाटात अगदी तळाशी कागदात गुंडाळून ठेवलेला. बाईंचा घास तोंडातच राहिला. तो झगा त्यांनी पाहिला होता. त्याचं कापड या बोटांनी चाचपलं होतं, आणि जुनं, मऊसूत, तान्ह्या अंगाला याच्यापेक्षा चांगलं काही नाही, असं म्हणून एका दुपारी त्याची चार झबली शिवली होती.

गोष्ट पुढे सांगत होती, की तो झगा सुनेच्या आईचा. आई वारली तेव्हा सुनेनं तिची तेवढीच एक वस्तू ठेवली होती. अजून त्याला आईचा वास होता. म्हातारीनं त्याची चार झबली केली आणि कौतुकाची वाट बघत दारात उभी राहिली. सून झबली हातात घेऊन रडली आणि म्हणाली, "हिला माझ्या डोळ्यांसमोरून ने." मुलगा आईकडे वळला आणि हसून तिला तिच्या भाषेत म्हणाला, "तिला फार आवडली."

बाईंना मुलाचं त्या वेळचं वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं. तेच तर त्यांनी तीन वर्षं मिरवलं होतं! "आई, ती म्हणते इतकं सुंदर तिला कुणी कधी दिलं नव्हतं."

शेवटचा परिच्छेद त्यांनी तीनदा वाचला, एखादा शब्द चुकीचा समजला असेल या आशेनं. एकही चुकीचा समजला नव्हता. सून म्हणत होती, "ती परत आली तर मी घर सोडून जाईन." आणि नवरा म्हणत होता, "काळजी कशाला करतेस? मी तिला सांगतो, आधी भाषा शीक. तिला ती या जन्मात येणार नाही." मग दोघं खूप दिवसांनी पोट धरून हसली. गोष्ट संपली.

बाई फोन हातात धरून बसून राहिल्या. काजवालीनं कोपऱ्यातून विचारलं, "बाई, पाणी देऊ का?" 

गोष्टीखाली सराव होता: म्हातारीच्या जागी तुम्ही असता तर सुनेला काय म्हणाला असता? पाच वाक्यं लिहा. शिक्षक तपासतील.

शनिवारी पहाटे बाईंनी पाच वाक्यं लिहिली. तो झगा तुझ्या आईचा आहे हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्याचं तुटलेलं बटण तेवढं लावून दिलं असतं. तू रडलीस ते मला आनंदाचं रडणं वाटलं. माझा मुलगा माझ्याशी खोटं बोलला. मला माफ कर.

नंबर टाकून पाठवून दिलं. वाटलं, सून वाचेल, ओळखेल, रडेल, काहीतरी करेल. वेडी आशा, पण कुणाला सुटते?

रविवारी सकाळी उत्तर आलं. "भाषा निर्दोष आहे, अभिनंदन! पण या गोष्टीतल्या म्हातारीला माफी मागायचं सुचणारच नाही. पात्र नीट समजून घ्या. दहापैकी सहा."

दुपारी नेहमीसारखा मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मागे सोफ्यावर सून कपड्यांच्या घड्या घालत होती. बाईंनी सुनेशी बोलायची वाक्यं रात्रभर घोकली होती, ती जिभेच्या टोकावर होती.

"काय मग आई, भाषा कुठवर आली?" मुलगा हसत म्हणाला. हसत होता, पण खांदे वर चढले होते. तीस वर्षं खांद्यांची मापं घेतलेल्या बाईला ते दिसणार नाही?

उभा जन्म कुणापुढे हार न खाल्लेल्या बाई म्हणाल्या, "कुठली रे! पहिल्याच पायरीवर ठेचकाळतेय. या वयात काय डोंबल येणार?"

मुलाचे खांदे खाली आले. पोटच्या पोराला एवढं हायसं वाटलेलं त्यांनी त्याच्या परीक्षांच्या निकालांच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

सुनेनं तिच्या भाषेत विचारलं, "काय म्हणतेय?"

"जमत नाही म्हणतेय."

"सुटलो," सून म्हणाली, आणि घडी बाजूला ठेवून स्क्रीनकडे बघून गोड हसली, हात हलवला.

"आई, ती म्हणते घाई करू नका, आम्ही वाट बघतोय तुमची," मुलगा म्हणाला.

तेवढ्यात नात त्याच्या मांडीवर चढली. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं आणि आनंदानं एक शब्द ओरडली. त्या भाषेत आजीला काय म्हणतात ते बाईंना पहिल्या पायरीपासून माहीत होतं. हा शब्द तो नव्हता. पोर म्हणाली होती, "बोचकं!"

"आजी म्हणतेय तुला," मुलगा घाईघाईनं म्हणाला.

"हो रे, कळलं मला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनीही हात हलवला.

सोमवारी शिवणखान्यात मशिनी सुरू झाल्या. बाईंनी आठ थर घातले, फर्मा ठेवला. पोरींना राहवेना. "बाई, ती पाचवी पायरी झाली का वाचून? बोचक्याचं काय झालं शेवटी?"

"काय व्हायचंय? गेली परत. सगळे खूश."

पोरी हसल्या. कोपऱ्यातली काजवाली हसली नाही. तिनं सुई थांबवली आणि चष्म्यावरून बाईंकडे बघत विचारलं, "आणि तिला कळलं का हो, ती गेल्यावर घरचे खूश झाले ते?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तिला भाषाच येत नव्हती. आता तोंड बंद कर, बोचकं, आणि काजं संपव."