तळघरातली मोरी

उंद्रीच्या नाल्यावर मनकर्णाबाईंच्या धुण्याच्या दगडाला लागूनच त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचा, तानुबाईंचा, दगड होता. तानुबाई स्वतःचं धुणं कमी धुवायच्या आणि दुसऱ्याचं जास्त वाचायच्या. "काल वांग्याचं भरीत झालं वाटते," हिंमतरावांचा सदरा पाहून त्या खणखणीत आवाजात सांगायच्या, "अन् वाढणारीचा हात थरथरते." पलीकडच्या काठावरचा गुराखीसुद्धा मान डोलवायचा.

म्हणून मनकर्णाबाईंना घरात मोरी हवी होती. अंगणात सोय नव्हती, कारण शेजारच्या तानुबाईंची भिंत ठेंगणी. उरलं तळघर, जिथं हिंमतराव उन्हाळ्यात झोपत. मनकर्णाबाईंचा भाऊ बुलढाण्याला साहेबाच्या बंगल्यावर चपराशी होता. साहेबाकडे बुडाला भोक असलेली कुंडी असते आणि पाणी आपलं आपण निघून जातं, असं तो सांगे. इंग्रजांनी वऱ्हाड नागपूरला जोडल्यापासून साहेबांच्या घरी काहीही असतं, असं उंद्रीचं मत होतं.

"चूळभर पानी जरी तुंबलं तरी मोरी बंद," हिंमतराव नवरेपणानं म्हणाले. "मंग तू अन् नाला."

शकूर गवंडी आला. "पानी खाली आननं सोपं हाय, बाई. खालून आनखी खाली न्यायले अक्कल लागते. ते मी घरून आनली."

त्यानं दगडी कुंडी बसवली, तिच्या बुडाला खापराचे नळ जोडले आणि भिंत फोडून नाल्याच्या दिशेनं खणत निघाला. थोडं खणलं नाही तोच पहार पोकळीत घुसली आणि आतून गार वारा आला.

"लागला नाला," शकूर म्हणाला.

"नाला तर गावाबाहेर हाय बे!"

"जमिनीनं आपल्या खुशीनं तोंड उघडलं, मालक. आपन काऊन बंद करा?"

मनकर्णाबाईंनी रिठ्याच्या फेसात धुणं काढलं. पाणी भोकातून जे गुडूप झालं ते झालंच. त्या धुताधुता ओव्या म्हणू लागल्या.

आता त्या बाजूला तानुबाईंचं पेव होतं, म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा. दुष्काळापासून ते रिकामं होतं आणि त्याचं तोंड मातीनं लिंपलेलं होतं. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, म्हणूनच कोणाला आठवली नाही.

नवी ज्वारी आली तेव्हा तानुबाईंनी पेव उघडलं. आत तोंडापर्यंत पांढराशुभ्र फेस.

"दुधाची गंगा निंगाली वं माय!"

गाव लोटलं. रामराव पाटलांना जुनं पित्त. त्यांनी ओंजळभर तीर्थ घेतलं आणि भिंतीआड जाऊन दिवाळीपासूनचं सगळं ओकून टाकलं. रिठ्याचं पाणी पोटात गेल्यावर माणूस ओकतोच. पण गंगेनं ओकला की त्याला गुण म्हणतात. चिखलीहून छकडे येऊ लागले. एका एकादशीला मनकर्णाबाईंनी धुणं काढलं नाही आणि पेवातला फेस बसला, तर गंगा कोपली म्हणून लोक भजनाला बसले.

तेव्हा कुठं हिंमतरावांच्या डोक्यात उजेड पडला. ते तळघरात उतरले.

"मनकर्णे, गावानं माही धोतरं पेली!"

"अवो, हळू."

"पाटील पेला!"

"मंग सांगता का त्याले?"

हिंमतरावांनी पाटलाचं तोंड डोळ्यांपुढे आणलं. "शकूर काय म्हनते?"

"म्हनते, रिठे वाढवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तानुबाई स्वतः लोटा घेऊन दारात. "मनकर्णे, सारा मुलूख येऊन गेला, सख्खी जाऊच नाही आली. लोकं नाही नाही ते बोलून राह्यले. घे."

मनकर्णाबाईंनी लोट्यात पाहिलं. सकाळचंच पाणी होतं, ओळखीचं. नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार, कारण सांगितलं की मोरी बुजणार, आणि मग नाला, दगड, भरीत, गुराखी. त्यांनी डोळे मिटले आणि अर्धा लोटा घटाघटा रिकामा केला.

"कडू हाय ना?"

"हाव, बाई."

"तोच गुन." तानुबाईंनी लोटा हिंमतरावांपुढे धरला. "भाऊजी, तुमीबी घ्या."

हिंमतरावांनी लोटा घेतला, बायकोकडे सरकले आणि कानात पुटपुटले, "आज काय काय धुतलं वं?"

"घ्या मुकाट्यानं," मनकर्णाबाई पोट दाबत म्हणाल्या. "सारं तुमचंच हाय, परक्याचं काई नाही."