एक गल्ली पुढे

आमच्या वसाहतीत माझ्या वडिलांना सगळे आमदार म्हणतात. ते एकदाही निवडून आलेले नाहीत. चार वेळा उभे राहिले आणि चारही वेळा असे आपटले की दुसऱ्या कुणी पुन्हा निवडणुकीचं नाव काढलं नसतं. पण नाव पडायला निवडून यावं लागत नाही. बेकरीत, न्हाव्याकडे, बसथांब्यावर, जिथे जावं तिथे "काय आमदार, बरं आहे ना?" आणि बाबाही हात जोडून अशी विचारपूस करत की जणू उद्या विधानसभेत याच माणसाचा प्रश्न मांडायचा आहे. त्यातली टिंगल त्यांना कधी ऐकू आली नाही. मला मात्र रस्त्याच्या पलीकडूनही यायची.

बाबा चष्मेवाले. त्यांच्या अरुंद दुकानात भिंगं घासायचं यंत्र, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि समोर एक उंच स्टूल. त्या स्टुलावर एका बाईनं एकदा आपल्या मुलीला आणून बसवलं. शाळेनं ढ ठरवून तिला मागच्या बाकावर टाकलं होतं. पोरीला फळाच दिसत नव्हता. डोळ्यांवर भिंगं चढवल्यावर ती तक्ता वाचायचं सोडून आईच्या तोंडाकडे बघत बसली, असं बाबा सांगत. तेव्हापासून डोक्यात एकच किडा. प्रत्येक शाळेत दर वर्षी प्रत्येक मुलाचे डोळे तपासायचे, तसा कायदाच करायचा. कायदा विधानसभेत होतो, म्हणून विधानसभेत जायचं. लोक म्हणाले, अहो, अर्ज करा. बाबा म्हणाले, अर्ज करून झाले, आता स्वतःच जाऊन सांगतो.

अपक्षाला उरलंसुरलं चिन्ह मिळतं. बाबांनी दर वेळी चष्मा मागितला आणि दर वेळी पदरात भलतंच पडलं. किटली काय, छत्री काय. एकदा शिडी मिळाली तेव्हा आई म्हणाली, "निदान चढता तरी येईल." बाबांना विनोद कळला नाही. ते म्हणाले, "हो ना."

प्रचाराची त्यांची एक ठरलेली रीत होती. लाउडस्पीकर नाही, गाड्या नाहीत, दारोदार जायचं. आई एक गल्ली पुढे असायची. कोण घरात आहे, कोणाचा कुत्रा मोकळा आहे, कोण झोपलंय, ते बघून ठेवायची आणि "आत्ता हे येतील" एवढं सांगून यायची. मागून बाबा पत्रकांचा गठ्ठा घेऊन पायऱ्या चढत. संध्याकाळी घरी आले की चपला काढायच्या आधी सांगायचे, "अख्खी गल्ली आपली. एक माणूस नाही म्हणाला नाही." आई पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि म्हणायची, "बसा आधी."

मग निकाल लागायचा. अख्ख्या गल्लीच्या गल्ल्या आपल्या असूनही मतं अशी पडायची की निकाल वाचणारा बाबांच्या नावाशी आवाज खाली आणायचा. बाबा दोन दिवस घराबाहेर पडत नसत. तिसऱ्या दिवशी दुकान उघडत आणि म्हणत, "लोक तर हो म्हणाले होते. मधे काहीतरी झालं असणार. पुढच्या वेळी बघू." लोक खोटं बोलले असतील, हे त्यांच्या मनाला शिवलं नाही. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते आमच्या घरात बारमाही चालू होतं. प्रचारात दुकान बंद, गिऱ्हाईक दुसरीकडे, आणि आई रात्रंदिवस फ्रेमांचे बारीक स्क्रू बसवत घर रेटायची. मी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेले, औषधांच्या दुकानात कामाला लागले, आणि खरं सांगायचं तर सुटले.

गेल्या वर्षी आई गेली. आजार फार लांबला नाही. मला वाटलं, आता बाबा दुकान आवरतील आणि माझ्याकडे येतील. त्यांच्या हृदयाचं दुखणंही तोवर बाहेर आलं होतं. जिना चढायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. मी माझ्या घरातली पुढची खोली रिकामी करून ठेवली. आणि बाबांनी पाचव्यांदा उमेदवारीचा अर्ज भरला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी फोनवर वाटेल ते बोलले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "ती असताना राहिलं. आता तरी करायला नको?" रजा टाकून मी गेले. म्हटलं, पुढे मी जाते, तुम्ही सावकाश मागून या. निदान हाकेच्या अंतरावर तरी राहतील.

पहिल्या गल्लीत पहिलंच घर शिलाईवाल्या काकूंचं. त्यांनी मला आत घेतलं, मशीनवरचं कापड बाजूला केलं, आईची आठवण काढून डोळे पुसले. मग सहज विचारलं, "यावेळीही तसंच ना?"

"तसंच म्हणजे कसं?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "तुला माहीत नाही होय? अगं, तुझी आई यायची ना पुढे. म्हणायची, मत कुणालाही द्या, तो तुमचा हक्क. त्यांना द्याच असं मी म्हणत नाही. फक्त त्यांच्या तोंडावर नाही म्हणू नका. एवढ्या पायऱ्या चढून येतात."

"आणि तुम्ही?"

"आम्ही काय, हो म्हणायचो. तेवढ्यानं आमचं काय जात होतं?"

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी ठेवत हसून सांगितलं, "ताई, काळजी नको, पाठ आहे आम्हाला." अख्खी वसाहत यात सामील होती. वीस वर्षं एवढ्या लोकांनी एक गोष्ट पोटात ठेवली. आमच्या वसाहतीत कुणाच्या घरी भांडं पडलं तर दुसऱ्या टोकाला कळतं.

मला लोकांचा राग आला नाही, आईचा आला. तिथेच जिन्यात उभी राहून मी तिच्याशी मनात भांडले. तूच ही आग पेटती ठेवलीस. पहिल्या निवडणुकीतच चार दारं तोंडावर बंद झाली असती, तर हा माणूस दुकानात बसला असता, तुझे डोळे स्क्रू बसवून गेले नसते, मला कॉलेज सोडावं लागलं नसतं. लेकराला गोळी कडू लागते म्हणून साखरच भरवत बसलीस. पण भांडणार कुणाशी? ती तर सुटली होती.

बाबा अजून पहिल्या गल्लीत होते. मी दुसरीत शिरले आणि ठरवलं. दार उघडलं की सांगायचं, "बाबा येतील. तुमच्या मनात असेल ते खरं सांगा." काही लोक चपापले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बघ हं, पोरी. नक्की ना?" मी म्हटलं, नक्की. त्यांनी थांबावं, माझ्याकडे यावं, जगावं, एवढंच मला हवं होतं. यात वाईट काय होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी गल्लीच्या टोकाला उभी राहून बघत होते. बाबा पहिल्या दाराशी गेले. पत्रक दिलं, मुलांच्या डोळ्यांबद्दल बोलले. दारातला माणूस खाली बघून म्हणाला, "आमदार, रागावू नका, पण माझं मत दुसरीकडे आहे." बाबांनी हात जोडले. दुसऱ्या दारी बाई म्हणाल्या, "नाही जमायचं हो." तिसऱ्या दारी हात जोडताना पत्रकं खाली पडली. ती उचलायला ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी धावले.

पायरीवर बसवून पाणी दिलं. वाटलं होतं, विचारतील, लोक असं का म्हणाले. बाबा म्हणाले, "तू त्यांना नीट सांगत नाहीस. घाईघाईनं सांगतेस. ती बसायची, समजावून सांगायची. डोळ्यांचं म्हणजे काय, हे आधी लोकांना पटवायला लागतं." मग तिथेच पायरीवर बसून, दम लागलेला असताना, ते मला शिकवायला लागले. आधी मुलांची चौकशी करायची. मग विचारायचं, पुस्तक किती जवळ धरतात.

मी मान हलवत ऐकत होते. माझ्याच्यानं ते बघवेना. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बसा जरा. मी पुढे जाऊन येते."

आणि तिसऱ्या गल्लीत मी अक्षरशः पळाले. आई ज्या दारांशी जायची, त्याच दारांशी उभी राहून विनवण्या केल्या. मत कुणालाही द्या, पण हो म्हणा. कृपा करा, हो म्हणा. बहुतेकांनी मी न बोलताच मान डोलावली.

बाबा आले. पहिलं दार पिठाच्या गिरणीवालीचं. ती मोठ्यानं म्हणाली, "या या आमदार. अहो, मत तुम्हालाच. घरातली सगळीच मतं तुम्हाला." बाबा गिऱ्हाईकाला स्टुलावर बसवून बघत तसे तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिनं नजर काढून घेतली आणि हाताला लागलेलं पीठ पदराला पुसायला लागली. मग बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हात जोडून ते पायऱ्या उतरले, एकेक करून, कठड्याला धरून.

"तू सांगितलंस ना हिला, असं म्हण म्हणून?"

मी त्यांच्या आधाराला हात पुढे केला.

"आधीच्या गल्लीत सांगितलं नव्हतंस."

"नाही."

त्यांनी पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरला होता. रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. बाबांनी तो जाऊ दिला आणि मग विचारलं, "आणि ती? तीही हेच सांगायची का?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, या माणसानं एकदा तरी खरं ऐकावं. आता तो समोर उभा राहून खरं मागत होता. एक शब्द पुरला असता. पण तो शब्द बाबांच्या चार निवडणुका आणि त्यांची बायको, दोन्ही एकाच वेळी घेऊन गेला असता.

"नाही बाबा," मी म्हटलं. "तिला लोक मनापासून हो म्हणायचे."

ते माझ्या चेहऱ्याकडेही तसेच बघत राहिले. मी नजर हलवली नाही. कशी स्थिर ठेवली, माझं मला माहीत.

"मग तिनंच उभं राहायला हवं होतं," बाबा म्हणाले. "मला सुचलंच नाही कधी."

पत्रकं माझ्या हातात देऊन ते घराकडे वळले. त्यानंतर त्यांनी एकही दार वाजवलं नाही. मतदानाच्या दिवशी रांगेत उभे राहिले, मत दिलं, आणि त्याच आठवड्यात माझ्याकडे राहायला आले. पुढच्या खोलीत असतात. औषधं वेळेवर घेतात, सांगितलं ते खातात, जिना चढत नाहीत. निकालाचा आकडा मला शिलाईवाल्या काकूंनी फोनवर कळवला. दर वेळी पडायची तेवढीच मतं होती, उलट थोडी जास्तच. सांगावं म्हणून मी त्यांच्या खोलीत गेले. बाबा खिडकीशी बसले होते. मला बघून म्हणाले, "ये, बस," आणि आकडा काही विचारला नाही.